‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय? अधिवेशनानंतरचा एक फलक आणि ओढ्यावरचा पूल

मी काही वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात काम केलं. पत्रं तयार करायची, मंत्रालयात फायलींच्या मागे फिरायचं, अधिवेशनात साहेबांसोबत मुंबई-नागपूरला राहायचं आणि अधिवेशन संपलं की मतदारसंघात वाटायचा कार्यअहवाल लिहायचा, ही माझी कामं. पुढचं प्रकरण त्याच काळातलं, सांगली जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातलं आहे. माणसांची, गावाची, कार्यालयांची नावं दिलेली नाहीत. कामांची संख्या आणि महिने ओळख पटणार नाही इतपत मागेपुढे केले आहेत. यातली मूळ चूक आमच्या कार्यालयाची होती आणि ती माझ्या हातून झाली होती, म्हणून हे मीच लिहायला हवं होतं.

पार्श्वभूमी

गाव हजार-बाराशे वस्तीचं. ओढ्याच्या अलीकडे शाळा, सोसायटी आणि दूध संकलन केंद्र. पलीकडे दोन वस्त्या आणि जवळजवळ निम्मी शेती. ओढ्यावर जुनी फरशी. तीन सिमेंटचे पाईप, वर काँक्रीटचा थर, कठडा नाही. वळीव जोरात झाला की पाईप गवतानं आणि पाचटानं तुंबतात आणि पाणी फरशीवरून वाहायला लागतं. बहुतेक वेळा ते गुडघ्याइतकंच असतं आणि धोका त्यातच आहे. कमरेइतकं असतं तर कुणी उतरलंच नसतं. गुडघाभर पाण्यात बाप पोराला दप्तरासकट खांद्यावर घेतो आणि उतरतो. दुसऱ्या वाटेनं यायचं तर नऊ किलोमीटरचा वळसा. सांगली म्हटलं की लोकांना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवतो, कृष्णा-वारणेचा काठ आठवतो. माळावरच्या ओढ्यांची आठवण कुणाला होत नाही, कारण तिथलं पाणी चार तासांत ओसरतं आणि पंचनाम्याला काही उरत नाही.

गावाला पूल हवा होता. ग्रामपंचायतीच्या ठरावाला आमदारांचं पत्र जोडून आम्ही ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे दिलं. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांबरोबर जी कामं आली, त्यांत हा पूल होता. यादी हातात पडली तेव्हा आम्ही आकाशवाणी आमदार निवासातल्या खोलीत होतो. साहेबांनी तिथूनच सरपंचांना फोन लावला. पलीकडून फटाक्यांचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन ठेवला नाही.

पुरवणी मागण्या म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मार्चच्या अर्थसंकल्पात न बसलेल्या किंवा वाढलेल्या खर्चासाठी सरकार संविधानाच्या २०५ व्या अनुच्छेदानुसार सभागृहाकडे पुन्हा पैसे मागतं. आकडे प्रचंड असतात. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार कोटींहून अधिक, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींहून अधिक. त्या ढिगाऱ्यात एका गावचा पूल म्हणजे जाडजूड पुस्तकातली एक ओळ. बांधकाम खात्यात त्या पुस्तकाला ‘व्हाइट बुक’ म्हणतात. ओळीत कामाचं नाव, रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक म्हणजे त्या रस्त्यावर काम नेमकं कितव्या किलोमीटरला आहे तो आकडा, मग अंदाजित किंमत आणि शेवटच्या रकान्यात चालू वर्षाची तरतूद. किंमत आणि तरतूद यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. खात्याच्या एकूण तरतुदीच्या कितीतरी पट किमतीची कामं यादीत घेतलेली असतात, त्यामुळे एकेका कामाच्या वाट्याला सुरुवातीला नावापुरती रक्कम येते.

अधिवेशन संपायच्या आदल्या रात्री फलकाचं डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होतं. ‘पावसाळी अधिवेशनात मतदारसंघासाठी भरघोस निधी मंजूर’, खाली एकच मोठा आकडा आणि त्याखाली ३१ कामांची नावं. आकड्याची बेरीज मी केली होती. साहेब परतले त्या दिवशी एसटी स्टँडसमोर, तहसील कचेरीच्या वळणावर आणि त्या गावाच्या कमानीजवळ फलक लागले.

अडचण

पुढच्या वर्षीच्या १ मेच्या ग्रामसभेत पुलाचा विषय निघाला. दहा महिन्यांत ओढ्यावर एक खडीची पाटीही पडली नव्हती. आठवड्याभरात सरपंच ताई कार्यालयात आल्या. सोबत पतिराज नाहीत, पुढारी नाहीत, ग्रामपंचायतीचा एक शिपाई आणि हातात ठरावाची प्रत. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर आमच्याच फलकाचा फोटो, अठराव्या क्रमांकाच्या ओळीवर बोट.

“दादा, ह्यो फलक तुमीच लावला न्हवं?”

“हो ताई.”

“मग पूल कुटं हाय ते तुमीच दाखवा. पैसं आलं नसतील तर तसं सांगा. गावात लोक म्हणत्यात, पैसं आलं आन् बाईनं खाल्लं.”

या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फलकामुळे आमदारांचं नाव होतं आणि काम झालं नाही तर आमदारांचंच नाव खराब होतं, एवढाच हिशोब आम्ही धरला होता. गावात तो हिशोब वेगळा चालतो. पैसे मंजूर झाले हे फलकावर छापलेलं आहे, पूल दिसत नाही, म्हणजे पैसे मधे कुणाच्या तरी खिशात गेले. आणि सगळ्यात जवळचा खिसा सरपंचांचा. या पुलाचा एक रुपयाही ग्रामपंचायतीच्या खात्यातून जाणार नव्हता. ते ताईंना ठाऊक होतं, गावाला नव्हतं आणि आम्ही ते कधी सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी मी बांधकाम विभागाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकानं पुस्तक काढलं, आमची ओळ शोधली आणि शाखा अभियंत्यांना बोलावलं. ते तरुण होते, स्पष्ट बोलले. “साहेब, या साखळी क्रमांकावर पूल आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी झालेला. तिथं दुसरा पूल कसा दाखवू? अंदाजपत्रकच होत नाही.” मागणी होती ती फरशी त्याच रस्त्यावर साडेतीन किलोमीटर पुढे. त्यांनी वरच्या कार्यालयाला एकदा कळवलंही होतं. ते पत्र कुठंतरी पडून होतं.

मी आमच्या कार्यालयात ठेवलेली त्या पत्राची प्रत काढली. चुकीचा क्रमांक आमच्या पत्रातच होता. जुन्या एका कामाची यादी समोर ठेवून मी तो उतरवला होता. तोच क्रमांक पत्रातून यादीत गेला, यादीतून पुस्तकात गेला आणि पुस्तक सभागृहानं मंजूर केलं.

त्या संध्याकाळी मनात घोळत राहिलं ते असं: चूक एका आकड्याची होती. पहिल्याच महिन्यात लक्षात आली असती तर हिवाळी अधिवेशनाच्या आत दुरुस्त झाली असती. ती लक्षात आली नाही, कारण फलक लागल्यावर ती फाईल आमच्या डोक्यातून उतरली. जाहीर केलं म्हणजे झालं, अशी सवय आमच्या कार्यालयाला लागली होती.

साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “असं किती कामांचं आहे?” मला सांगता आलं नाही. मग तीन दिवस बसून ३१ कामांची छाननी केली. सहा पूर्ण झाली होती. नऊ सुरू होती. पाच निविदेत. सात कामांना प्रशासकीय मान्यताच, म्हणजे त्या कामावर खर्च करायला शासनाची औपचारिक मंजुरीच नव्हती, आपला पूल त्यांतला. राहिलेल्या चार कामांच्या बाबतीत आमच्याकडे फक्त पत्रावरचा शेरा होता. मंत्र्यांनी पत्राच्या कोपऱ्यात ‘तपासून प्रस्ताव सादर करावा’ असं लिहून सही केली होती. तो शेरा आम्ही फलकावर निधी म्हणून छापला होता.

बेरीजही तपासली. तिच्यात बांधकाम खात्याच्या कामांची अंदाजित किंमत धरली होती, तरतूद नव्हे. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातली मूलभूत सुविधांची कामं होती, जिल्हा नियोजन समितीतून मिळालेली होती आणि आमदार निधीतलीही होती. जिल्हा नियोजनचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीतून येतो. आमदार निधी तर दर वर्षी ठरलेला असतो: २०२० मध्ये तो २ कोटींवरून ३ कोटी झाला, पुढच्या वर्षी ४ आणि २०२२ पासून ५ कोटी. अधिवेशनाशी त्याचा संबंध नाही. शंभर गावांच्या मतदारसंघात भागला तर गावाला पाच लाख पडतात. त्यात गल्लीतला एक काँक्रीट रस्ता होतो. हे सगळे वेगवेगळे ओघ एका आकड्यात घालून आम्ही त्याला ‘अधिवेशनात आणलेला निधी’ म्हटलं होतं.

समोरचे पर्याय

प्रश्न दोन होते: पुलाचं काय करायचं आणि लोकांना काय सांगायचं. पहिल्यावर आम्ही बराच वेळ घालवला. दुसरा जास्त अवघड निघाला.

पुलासाठी सगळ्यात झटपट वाटणारा मार्ग आमदार निधीचा होता. पाच-सात लाखांत मोठे पाईप टाकून फरशी उंच करता आली असती. साहेबांचा कल तिकडे होता, कारण पावसाळा तोंडावर होता. पण कोणत्याही योजनेतून काम घेताना ते दुसऱ्या योजनेतून मंजूर नाही असा दाखला लागतो. पूल पुस्तकात असताना त्याच जागेवर दुसरं काम दाखवलं तर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप येणार आणि मोठा पूल कायमचा जाणार. शिवाय पाईप वाढवले तरी पाचट अडकायचं थांबत नाही. फरशी आज तुंबते तशी तेव्हाही तुंबली असती.

पुस्तकातलं काम रद्द करून जिल्हा नियोजन समितीत नव्यानं मागायचं, असं एकानं सुचवलं. त्यात आणखी एक वर्ष जाणार होतं आणि पुलाएवढी रक्कम तिथून मिळण्याची शक्यता कमी होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

राहिला तो शुद्धिपत्रकाचा मार्ग. साखळी क्रमांकातली दुरुस्ती शासनानं मान्य करायची. प्रस्ताव उपविभागातून विभागाकडे, तिथून अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता आणि मग मंत्रालय. कागद लहान, प्रवास लांबचा. हा प्रवास आपोआप होत नाही, याचा आम्हाला दहा महिन्यांचा अनुभव होता. म्हणून जोडीला विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायचा का, यावर चर्चा झाली. आमदार सत्ताधारी पक्षाचे. आपल्याच सरकारला आपलंच काम का झालं नाही असं विचारायचं, तेही चूक आपल्या पत्रात असताना. दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी साफ विरोध केला. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की प्रश्न स्वीकारला गेला की खात्याला माहिती मागवावीच लागते आणि माहिती मागवली की टेबलावर पडलेला कागद उचलावा लागतो. सभागृहात उत्तर काय येतं यापेक्षा ती धावपळ आपल्याला हवी आहे.

लोकांना काय सांगायचं, यावर बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. गप्प राहायचं, पाऊस उलटू द्यायचा, दिवाळीनंतर काम सुरू झालं की नारळ फोडायचा, असं बहुतेकांचं मत. हा काही वाईट हेतूचा सल्ला नव्हता. वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे आणि बहुतेक वेळा खपूनही जातं. कंत्राटदारावर आणि अधिकाऱ्यांवर ढकलायचं, असंही कुणी म्हणालं. तिसरी बाजू माझी होती: ३१ कामांची यादी, प्रत्येक काम कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहून जाहीर करायची. “विरोधक तीच यादी हातात घेऊन फिरतील,” एक जण म्हणाला. ते खरंच होतं. पुढे तसंच झालं.

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या ताईंवर लोक पैसे खाल्ल्याचा आळ घेतायत. तो आळ आपण काढायचा, का पावसाची वाट बघायची?” निर्णय तिथं झाला.

काय केलं

पहिल्यांदा एक वही केली. साधी, लांब रेघांची. प्रत्येक कामाला एक ओळ आणि आडवे आठ रकाने: पत्र किंवा शेरा, यादीत समावेश, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, बीम्सवर आलेला निधी, प्रत्यक्ष काम. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्यांनी आराखडा आणि अंदाजपत्रक तपासून दिलेली मंजुरी, कार्यारंभ आदेश म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश आणि बीम्स म्हणजे शासनाची निधी वितरणाची संगणक प्रणाली. खात्याच्या खर्चाच्या अधिकाऱ्याला रक्कम तिथं दिसल्याशिवाय बिल निघत नाही. प्रत्येक रकान्यात फक्त तारीख आणि कागदाचा क्रमांक लिहायचा, शासन निर्णय असेल तर त्याचा संगणक संकेतांक. कागद नसेल तर रकाना रिकामा. ‘होईल’, ‘अंतिम टप्प्यात’, ‘तत्त्वतः मंजूर’ असे शब्द वहीत लिहायचे नाहीत, असं ठरलं.

कार्यारंभ आदेशाच्या रकान्याखाली लाल रेघ ओढली. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या काळात मंजूर झालेल्या पण सुरू न झालेल्या कामांना स्थगिती मिळाली होती, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. कार्यारंभ आदेशाच्या अलीकडचं कोणतंही काम एका रात्रीत थांबू शकतं. त्याला पदरात पडलेलं म्हणता येत नाही.

मग मी आणि शाखा अभियंता ओढ्यावर गेलो. ताई होत्या, पलीकडच्या वस्तीवरचे चार-सहा जण होते. अभियंत्यांनी मोजमाप घेतलं, योग्य साखळी क्रमांक लिहिला, फोटो काढले, ग्रामपंचायतीनं त्याच दिवशी दुरुस्तीची मागणी करणारं पत्र दिलं. तिथं उभं राहून मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक आमच्या पत्रातली आहे, या कामाचा पैसा अजून निघालेला नाही आणि निघाला तरी तो ग्रामपंचायतीकडे येणार नाही. एक म्हातारबाबा म्हणाले, “मग हे आदी का न्हाय सांगितलं?” त्यांना मी चुकलो एवढंच म्हणू शकलो. ताई काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी ते वाक्य मला कागदावर लिहून मागितलं, आमदारांच्या सहीनिशी. दुसऱ्या दिवशी ते पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं.

प्रश्नाच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. प्रश्न त्या ठरलेल्या भाषेत लिहिला: पुलाचे काम पुरवणी अर्थसंकल्पात समाविष्ट होऊनही सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत. तो स्वीकारला गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मला विभागीय कार्यालयातून तीनदा फोन आले. मंत्रालयातून माहिती मागवली होती. पडून राहिलेलं पत्र सापडलं आणि शुद्धिपत्रकाचा प्रस्ताव पंधरा दिवसांत मंत्रालयात पोहोचला. सभागृहात त्या दिवशी आमचा क्रमांक पुकारेपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपला, लेखी उत्तर मिळालं. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’ आणि पुढे शुद्धिपत्रकाचा प्रस्ताव तपासणीत असल्याचं एक वाक्य. वर्तमानपत्रात त्याची बातमी झाली नाही. वर्षभरात पुलाच्या फायलीला मिळालेला सगळ्यात मोठा धक्का तोच होता.

अधिवेशनानंतर त्या वर्षी मोठा आकडा असलेला फलक लावला नाही. त्याऐवजी वहीवरून तयार केलेली चार पानांची यादी छापली, ग्रामपंचायतींना पाठवली आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत वाचून दाखवायची विनंती केली. शेऱ्याची चार कामं शेवटच्या पानावर होती. त्यांपुढे लिहिलं होतं: ‘मागणी केली आहे. मंजुरी नाही.’

काय झालं

शुद्धिपत्रक सप्टेंबरात निघालं, प्रशासकीय मान्यता त्यामागोमाग. पहिल्यांदा निविदा काढली तेव्हा कुणी भरलीच नाही. थकलेल्या बिलांवरून कंत्राटदारांची आंदोलनं चालू होती आणि ज्या कामाला नावापुरती तरतूद आहे त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. इथं आम्हाला तरतुदीच्या रकान्याचा अर्थ पुरता कळला. साहेबांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नवीन कामांची यादी जाणीवपूर्वक लहान ठेवली आणि जुन्या कामांची तरतूद वाढवून घेण्यावर जोर दिला. नवीन काम आणलं की सत्कार होतो, जुन्याची तरतूद वाढवली तर कुणाला कळतही नाही, हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या निविदेला तिघांनी दर भरले. मार्चमध्ये कार्यारंभ आदेश मिळाला आणि मेअखेर पुलाचा स्लॅब पडला. जोडरस्त्यांचा भराव तेवढा पावसाआधी झाला नाही. त्या पावसाळ्यात पुलावर दोन्ही बाजूंनी मुरुमाच्या चिखलातून चढावं लागलं. तरी लोक चढत होते, कारण खालून पाणी जात होतं.

यादीचा परिणाम संमिश्र झाला. विरोधकांनी शेवटच्या पानाचा फोटो काढून ‘आमदारांची कबुली’ म्हणून फिरवला. आमच्याच काही कार्यकर्त्यांनी महिनाभर कार्यालयात येणं बंद केलं. ज्या गावात त्यांनी ‘साहेबांनी दिलं’ म्हणून सांगितलं होतं तिथं त्यांची पंचाईत झाली होती. दुसरीकडे कार्यालयात येणाऱ्या माणसांचे प्रश्न बदलले. “आमचं काम कधी होणार?” या ऐवजी “आमचं काम कितव्या रकान्यात हाय?” असं लोक विचारू लागले. एका गावच्या उपसरपंचांनी तर तांत्रिक मान्यता अडल्याचं यादीत पाहून स्वतः उपअभियंत्यांना गाठलं आणि जागेच्या संमतीपत्राचा राहिलेला कागद देऊन आले. त्या कामासाठी आम्हाला एक फोनही करावा लागला नाही. निविदेत अडकलेल्या पाचपैकी तीन कामं त्या वर्षी सुरू झाली.

ताईंवरचा आळ गेला का, ते मी सांगू शकत नाही. पुढच्या ग्रामसभेत तो विषय निघाला नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

पत्र देण्याआधी शाखा अभियंत्यांबरोबर जागेवर जायचं. ही गोष्ट अर्ध्या दिवसाची आहे. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून बांधकाम खात्याकडे की इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग म्हणून जिल्हा परिषदेकडे, हे तिथंच कळतं, आणि साखळी क्रमांक तिथंच लिहिता येतो. आम्ही शंभर-दीडशे पत्रं एका अधिवेशनात देत होतो आणि जास्त पत्रं म्हणजे जास्त काम असं मानत होतो. त्यातली तीस पत्रं पायी फिरून दिली असती तर जास्त पूल झाले असते, असं आज माझं ठाम मत आहे.

यादी जाहीर करायला आम्ही चुकलो नाही. ती जशी जाहीर केली त्यात चुकलो. शेऱ्याची चार कामं होती त्या चार गावांत आधी स्वतः जायला हवं होतं. एका गावाला आपलं समाजमंदिर मंजूर नाही हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोतून कळलं. वर्षभर त्या गावात लोकांनी वर्गणी काढून जागेची साफसफाई केली होती. तिथली माणसं चिडली नाहीत, ती गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं. कार्यकर्त्यांनाही यादी छापण्याआधी दाखवायला हवी होती. गावात तोंड त्यांना द्यावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र निधीची किंवा यादीची नव्हती. ताई मेमध्ये आल्या, आम्ही लगेच फाईल, शुद्धिपत्रक आणि प्रश्न यांच्या मागे लागलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव झाला आणि दुधाचे कॅन बांधलेली एक मोटारसायकल फरशीवरून घसरली. माणूस कडेच्या करंजाला धरून राहिला म्हणून वाचला. त्यानंतर चार दिवसांत ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून पाईप साफ करून घेतले आणि फरशीच्या दोन्ही टोकांना लाल-पांढरे खांब रोवले. लाल पट्टा पाण्याखाली गेला की उतरायचं नाही, असं शाळेत मुलांना सांगितलं. त्याला ना प्रशासकीय मान्यता लागली, ना अधिवेशन. ताई कार्यालयात आल्या त्याच दिवशी हे सुचायला हवं होतं. पूल मिळवण्याच्या नादात पूल येईपर्यंतच्या पावसाचा विचार कुणीच केला नाही.

पूल झाला तरी खांब टाकून देऊ नका, असं ताईंनी अभियंत्यांना सांगितलं. पलीकडच्या वस्तीच्या पुढे त्याच ओढ्यावर आणखी एक फरशी आहे. दोन खांब तिकडे हलवले. तिथल्या पुलाच्या मागणीचं पत्र आम्ही दिलं तेव्हा साखळी क्रमांक शाखा अभियंत्यांनी जागेवर मोजून लिहिला आणि त्याखाली सही केली. मी कार्यालय सोडलं तेव्हा त्या कामाच्या ओळीत एकच रकाना भरलेला होता, पहिला.